लिंकन, त्यांचे वकील मित्र आणि वर्तमानपत्रवाले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अब्राहम लिंकन यांच्यावर बोलायला उभं राहिलं की शेवटी ठरावीक प्रश्न येतातच, आणि पत्रांतूनही फिरून फिरून तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी, अडनिडे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात उगाळलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लिंकन तर वकील होते. मग वर्तमानपत्रांशी त्यांचा संबंध आला कुठून?

वकील होण्याच्या आधीच आला. इलिनॉय राज्यातल्या न्यू सेलम या छोट्याशा वस्तीत १८३३ ते १८३६ या काळात ते पोस्टमास्तर होते. टपालातून आलेली वर्तमानपत्रं वर्गणीदाराच्या हाती पडण्याआधी लिंकन यांची वाचून झालेली असत. १८३६ मध्ये त्यांना वकिलीची सनद मिळाली, १८३७ च्या एप्रिलमध्ये ते स्प्रिंगफील्डला आले आणि राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत वकिली हाच त्यांचा पोटापाण्याचा उद्योग राहिला.

तेव्हाची वर्तमानपत्रं आजच्यासारखी नव्हती, एवढं मात्र पक्कं डोक्यात ठेवा. प्रत्येक पत्र कुठल्या ना कुठल्या पक्षाचं असे आणि ते कोणी लपवत नसे. संपादक हा पक्षाचा कार्यकर्ताच. पक्ष जिंकला की सरकारी छपाईचं काम किंवा एखादी नेमणूक त्याच्याकडे यायची. स्प्रिंगफील्डमध्ये लिंकन यांच्या तेव्हाच्या व्हिग पक्षाचं पत्र होतं 'सँगॅमो जर्नल', संपादक सिमियन फ्रान्सिस. तरुण लिंकन यांचा या कचेरीत कायम राबता होता.

२. 'वकील मित्र' म्हणजे नेमके कोण कोण?

आधी तीन भागीदार. जॉन टॉड स्टुअर्ट (१८३७ ते १८४१), स्टीफन लोगन (१८४१ ते १८४४) आणि त्यानंतर शेवटपर्यंत विल्यम हर्नडन. पहिले दोघे लिंकन यांना घडवणारे, तिसरा त्यांच्या हाताखाली घडलेला. दुसरा गोतावळा फिरत्या न्यायालयातला (प्रश्न ३): न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस, लिओनर्ड स्वेट, वॉर्ड हिल लॅमन, हेन्री व्हिटनी.

जोशुआ स्पीड यांचं नाव या यादीत हमखास घुसवलं जातं. ते लिंकन यांचे सर्वांत जिवलग मित्र होते हे खरं, पण ते दुकानदार होते. वकील होते त्यांचे भाऊ जेम्स स्पीड, आणि १८६४ च्या अखेरीस लिंकन यांनी त्यांना देशाचे ॲटर्नी जनरल केलं.

३. हे फिरतं न्यायालय काय प्रकरण होतं?

इलिनॉयमध्ये गावं विरळ, खटले थोडे. म्हणून न्यायाधीशच काऊंटीमागून काऊंटी फिरत आणि वकिलांचा तांडा त्यांच्यासोबत. आठव्या सर्किटमध्ये एकेकाळी चौदा काऊंट्या होत्या. वसंतात एक फेरी, शरद ऋतूत दुसरी. घोड्यावरून नाहीतर बग्गीतून, चिखल तुडवत जायचं आणि रात्री खाणावळीत एका खाटेवर दोघांनी झोपायचं. डेव्हिस अंगाने प्रचंड, त्यामुळे त्यांना खाट स्वतंत्र मिळे. दिवसा कोर्टात एकमेकांचे वाभाडे काढणारे हे लोक रात्री एकाच शेकोटीभोवती बसून लिंकन यांच्या गोष्टी ऐकत.

लॅमन यांनी लिहून ठेवलेला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. एका मतिमंद मुलीच्या मालमत्तेचा खटला होता. लॅमन यांनी आधीच अडीचशे डॉलर फी ठरवून घेतली होती. खटला वीस मिनिटांच्या आत निकाली निघाला. लिंकन अडून बसले: बिचाऱ्या मुलीचे पैसे आहेत, निम्मे परत कर. लॅमन यांनी गुपचूप परत केले. न्यायाधीश डेव्हिस यांच्या हे कानावर गेलं तेव्हा ते भडकले. तुमच्या या कवडीमोल फीमुळे आम्हां सगळ्या वकिलांना भिकेला लावाल, असं त्यांनी सुनावलं. रात्री वकिलांनी गमतीचं कोर्ट भरवून लिंकन यांना दंडही ठोठावला. दंड त्यांनी भरला, फीबद्दलचं मत बदललं नाही. मित्रांचं ऐकून घ्यायचं, त्यांच्यात हसायचं, आणि करायचं मात्र आपल्याला पटेल तेच, हा लिंकन यांचा स्वभाव पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात दिसेल.

४. हर्नडन आणि लिंकन यांचं खरंच जमत होतं का? स्वभाव तर अगदी उलटे वाटतात.

जमत होतं. हर्नडन नऊ वर्षांनी लहान, बोलका, पुस्तकवेडा, डोक्यात राख घालून घेणारा. लिंकन त्यांना 'बिली' म्हणत, ते मात्र कायम 'मिस्टर लिंकन'. मिळकत निम्मी-निम्मी. इलिनॉय सेंट्रल रेल्वेकडून लिंकन यांनी पाच हजार डॉलरची फी कोर्टात भांडून वसूल केली, तेव्हाही निम्मा वाटा बिलीचा होता. लिंकन सकाळी कचेरीत आले की कोचावर पाय पसरून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. हर्नडन यांना ते असह्य व्हायचं, पण तक्रार तेवढीच.

वॉशिंग्टनला निघण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे १० फेब्रुवारी १८६१ ला, लिंकन कचेरीत आले. उरलेली कामं समजावून दिली, मग त्या जुन्या कोचावर आडवे होऊन बराच वेळ छताकडे पाहत राहिले. निघताना जिन्याशी लटकणाऱ्या 'लिंकन आणि हर्नडन' या पाटीकडे बोट करून म्हणाले, ती तशीच राहू दे. जगलो तर परत येईन आणि काही झालंच नाही अशा रीतीने आपण वकिली पुढे चालू करू. हे हर्नडन यांनीच सांगितलं आहे.

५. १८६० ची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी वकील मित्रांनी मिळवून दिली, असं म्हणतात. कितपत खरं?

बरंचसं खरं. उमेदवाराने स्वतः पक्षाच्या अधिवेशनाला जायचं नाही असा रिवाज होता, म्हणून लिंकन स्प्रिंगफील्डलाच थांबले. शिकागोत डेव्हिस यांनी हॉटेलात तळ ठोकला आणि स्वेट, लॅमन वगैरे सर्किटचे वकील एकेका राज्याच्या प्रतिनिधींमागे लावले. अधिवेशन शिकागोत आणलं नॉर्मन जड यांनी, तेही वकीलच. 'शिकागो ट्रिब्यून'चे जोसेफ मेडिल यांनी पत्रातून रान उठवलं. आसनव्यवस्थेतही हात घालून प्रतिस्पर्धी सिवर्ड यांचा न्यूयॉर्कचा गट डळमळत्या राज्यांपासून दूर बसवल्याचं मेडिल यांनी पुढे सांगितलं. तिसऱ्या फेरीत लिंकन यांना २३१.५ मतं होती, हवी होती २३३. ओहायोने चार मतं फिरवली आणि १८ मे १८६० ला उमेदवारी ठरली.

अधिवेशन चालू असताना लिंकन यांनी एका वर्तमानपत्राच्या समासात ओळ खरडून पाठवली होती: 'मला बांधून घालेल असा कोणताही करार करू नका.' व्हिटनी यांच्या आठवणीनुसार डेव्हिस यांनी ती वाचून, लिंकन इथे नाहीत, असं म्हटलं आणि काम चालू ठेवलं. नंतर पेनसिल्व्हेनियाचे कॅमेरॉन युद्धमंत्री झाले. डेव्हिस यांनी त्यांना नक्की काय शब्द दिला होता, यावर अभ्यासक आजही भांडतात.

६. मग या मित्रांना बक्षिसी मिळाली असेलच?

मिळाली, पण अपेक्षेएवढी नाही आणि अपेक्षेएवढ्या लवकरही नाही. डेव्हिस यांना सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकीसाठी ऑक्टोबर १८६२ पर्यंत थांबावं लागलं. स्वेट त्यांच्यासाठी खेटे घालत होते, स्वतः स्वेट यांना मोठं पद मिळालं नाही. जड बर्लिनला वकिलातीवर गेले. लॅमन वॉशिंग्टनचे मार्शल झाले. पिस्तुलं बाळगून लिंकन यांच्या जिवाची काळजी वाहणारा हा माणूस १४ एप्रिल १८६५ च्या रात्री, लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली तेव्हा, नेमका सरकारी कामावर रिचमंडला होता. सिमियन फ्रान्सिस यांना सैन्यात पगारवाटप अधिकारी केलं गेलं. हर्नडन स्प्रिंगफील्डलाच राहिले.

आणि स्टुअर्ट? ज्यांनी कायद्याची पुस्तकं उसनी देऊन लिंकन यांना वकिलीकडे वळवलं, ते यादवी युद्धाच्या धोरणावरून विरोधात गेले. १८६२ मध्ये लिंकन यांच्याच भागातून काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, निवडणूक झाली, त्यात त्यांनी पाडलं कोणाला, तर स्वेट यांना. एक जुना मित्र दुसऱ्या जुन्या मित्राला हरवून विरोधी बाकावर आला.

७. ज्या वकिलाने अपमान केला त्यालाच लिंकन यांनी मंत्री केलं, ही गोष्ट खरी की रचलेली?

खरी. १८५५ मध्ये कापणीयंत्राच्या पेटंटचा मोठा खटला सिनसिनाटीला चालला. लिंकन तयारी करून गेले, पण पूर्वेकडच्या नामांकित वकिलांनी त्यांना बाजूला सारलं, आणि त्यात एडविन स्टँटन पुढे होते. कोणी जेवायलाही विचारलं नाही. लिंकन तिथून निघून आले नाहीत, प्रेक्षकांत बसून स्टँटन यांचा युक्तिवाद ऐकत राहिले. जानेवारी १८६२ मध्ये कॅमेरॉन यांना हटवून त्यांनी त्याच स्टँटन यांच्या हाती युद्धखातं दिलं. हे मनाचं मोठेपण होतंच, पण नुसतं तेवढंच नव्हतं. समोरच्या वकिलाचं वजन ओळखण्याची सर्किटमधली सवय इथे कामी आली, असं मला वाटतं.

८. लिंकन टोपणनावाने लिहीत असत का?

हो, आणि एकदा ते जिवावर बेतलं. १८४२ मध्ये 'सँगॅमो जर्नल'मध्ये 'रिबेका' नावाच्या खेडवळ बाईची पत्रं छापून येत होती. त्यांतल्या एकात राज्याचे लेखापाल जेम्स शील्ड्स यांची यथेच्छ टिंगल होती. ते पत्र लिंकन यांचं. पाठोपाठ मेरी टॉड आणि त्यांच्या मैत्रिणीनेही भर घातली. शील्ड्स खवळले, संपादक फ्रान्सिस यांच्याकडे लेखकाचं नाव मागितलं. लिंकन यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. द्वंद्वयुद्धाचं आव्हान आलं.

शस्त्र निवडण्याचा हक्क लिंकन यांचा होता. त्यांनी घोडदळाच्या रुंद तलवारी निवडल्या, कारण त्यांचे हात लांब होते आणि शील्ड्स त्यांच्याहून बुटके. २२ सप्टेंबरला मिसिसिपी नदीतल्या बेटावर दोघे उभे ठाकले. मित्रांनी मध्ये पडून समेट केला म्हणून रक्त सांडलं नाही. लिंकन यांना या प्रकरणाची आयुष्यभर लाज वाटली. कोणी विषय काढलेला त्यांना खपत नसे. त्याच सुमारास फ्रान्सिस यांच्या पत्नीने पुढाकार घेऊन त्यांचं आणि मेरी यांचं तुटलेलं नातं जुळवलं होतं. ४ नोव्हेंबरला दोघांचं लग्न झालं.

९. त्यांच्या मालकीचं वर्तमानपत्र होतं म्हणे?

होतं, आणि तेही जर्मन भाषेतलं. इलिनॉयमध्ये जर्मन मतदार पुष्कळ होते. मे १८५९ मध्ये लिंकन यांनी थिओडोर कनिसियस या संपादकाशी करार केला. छापखाना आणि खिळे लिंकन यांच्या मालकीचे, चालवायचं कनिसियस यांनी. पत्र मुख्यतः जर्मनमध्ये निघेल आणि रिपब्लिकन पक्षाच्या जाहीरनाम्याला सोडून एक अक्षर छापणार नाही, अशी अट. व्यवहार चारशे डॉलरचा. मसुदा वकिलाच्या हातचा असल्याचं प्रत्येक कलमात दिसतं. निवडणूक जिंकल्यावर डिसेंबर १८६० मध्ये त्यांनी सगळा छापखाना कनिसियस यांना देऊन टाकला, आणि पुढच्या वर्षी कनिसियस व्हिएन्नाला वाणिज्यदूत म्हणून गेले. मालकीची गोष्ट त्या वेळी जाहीर नव्हती. आजच्या नजरेने हे खटकतं आणि खटकायलाच हवं, पण प्रश्न १ मधली पक्षीय पत्रांची पद्धत आठवली तर उलगडा होतो.

१०. १८५८ च्या वादविवादांची भाषणं तेव्हा जशीच्या तशी छापली गेली का?

सिनेटच्या जागेसाठी लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्यात झालेल्या या वादविवादांच्या सातही सभांना दोन्ही बाजूंचे लघुलेखक हजर होते. तरीही 'शिकागो ट्रिब्यून'मधले लिंकन घोटीव बोलतात आणि डग्लस अडखळतात, तर 'शिकागो टाइम्स'मध्ये नेमकं उलटं. लिंकन यांनी तोड काढली. दोन्ही पत्रांची कात्रणं वहीत चिकटवली: आपली भाषणं आपल्या पत्रातली, डग्लस यांची त्यांच्या पत्रातली. दोघांनाही आपापल्या बाजूचा उत्तम मजकूर. हीच वही १८६० मध्ये ओहायोतल्या कोलंबसहून छापली गेली. साक्षीपुरावा मांडण्याची ही पद्धत कोर्टातली, आणि मला तरी ती थोर वाटते.

११. लिंकन आणि होरेस ग्रीली मित्र होते की शत्रू?

दोन्ही शब्द बसत नाहीत. 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चे ग्रीली हे देशातले सर्वांत प्रभावी गुलामगिरीविरोधी संपादक. १८४८-४९ मध्ये दोघे काही महिने काँग्रेसमध्ये एकत्र होते. १८५८ मध्ये मात्र ग्रीली यांनी स्टीफन डग्लस यांची भलामण सुरू केली. लिंकन इतके अस्वस्थ झाले की हर्नडन स्वतः पूर्वेला जाऊन ग्रीली यांना भेटून आले.

गाजलेला प्रसंग ऑगस्ट १८६२ चा. ग्रीली यांनी २० तारखेला 'दोन कोटींची प्रार्थना' या मथळ्याखाली राष्ट्राध्यक्षांना झोडपलं: गुलामांना मुक्त करण्यात हयगय का? लिंकन यांचं उत्तर २२ तारखेचं, आणि ते आलं वॉशिंग्टनच्या 'नॅशनल इंटेलिजन्सर'मध्ये. त्यात लिहिलं होतं की माझा मुख्य हेतू संघराज्य वाचवणं हा आहे; एकही गुलाम मुक्त न करता ते वाचणार असेल तर तसं करीन, आणि सगळ्यांना मुक्त करून वाचणार असेल तर तसंही करीन.

हे वाक्य आजही लिंकन यांच्याविरुद्ध वापरलं जातं. वापरणारे एक तारीख विसरतात. मुक्तीच्या घोषणेचा मसुदा त्यांनी एक महिना आधीच, २२ जुलैला, मंत्रिमंडळात वाचून दाखवला होता. एखादा विजय हाती येईपर्यंत थांबा, या परराष्ट्रमंत्री सिवर्ड यांच्या सल्ल्यावरून तो मागे ठेवला होता. म्हणजे उत्तर लिहिताना निर्णय झालेला होता, लोकांची मनं तयार करायची बाकी होती. अँटिटमच्या लढाईनंतर २२ सप्टेंबरला घोषणा बाहेर आली.

१२. न्यूयॉर्कच्या बाकीच्या संपादकांचं काय?

'न्यूयॉर्क टाइम्स'चे हेन्री रेमंड पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते आणि १८६४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनीच लिंकन यांना कळवलं की निवडणुकीचं वारं आपल्या विरुद्ध आहे. 'हेरल्ड'चे जेम्स गॉर्डन बेनेट यांची टीका सर्वांत बोचरी आणि खप प्रचंड. १८६५ च्या फेब्रुवारीत लिंकन यांनी त्यांना फ्रान्सचं राजदूतपद देऊ केलं. बेनेट यांनी नाकारलं.

१३. व्हाइट हाऊसमध्ये सहज ये-जा असणारा कोणी बातमीदार होता का?

नोआ ब्रूक्स. कॅलिफोर्नियातल्या 'सॅक्रमेंटो डेली युनियन'चे वार्ताहर. ओळख १८५६ सालची, इलिनॉयमधली. ६ मे १८६३ च्या दुपारी ते व्हाइट हाऊसमध्ये एका खोलीत बसले होते. लिंकन हातात तार घेऊन आत आले. भिंतीवरचा कागद राखाडी होता आणि लिंकन यांचा चेहरा त्याच रंगाचा झाला होता, असं ब्रूक्स लिहितात. तार चॅन्सेलर्सव्हिलच्या पराभवाची होती. ती वाचायला देऊन लिंकन खोलीत येरझाऱ्या घालू लागले: 'देवा! देवा! देश काय म्हणेल!' एका बातमीदारासमोर इतकं उघडं होणं, हा विश्वास मामुली नव्हे. दुसऱ्या कारकिर्दीत ब्रूक्स त्यांचे सचिव व्हायचे होते.

१४. एवढे पत्रकारप्रेमी होते, तर त्यांच्या काळात वर्तमानपत्रं बंद कशी पडली?

या प्रश्नाला बगल देऊ नये. मे १८६४ मध्ये चार लाख सैनिकांच्या भरतीचं एक बनावट फर्मान न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' आणि 'जर्नल ऑफ कॉमर्स' या पत्रांत छापलं गेलं. लिंकन यांच्या सहीच्या आदेशाने सैन्याने कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि काही दिवस पत्रं बंद राहिली. संपादक स्वतः फसले होते. बनाव जोसेफ हॉवर्ड या पत्रकाराचा होता, सोन्याच्या भावात पैसा करण्यासाठी. हा आदेश चुकीचा होता, असंच माझं मत आहे.

उलट उदाहरणही आहे. जून १८६३ मध्ये जनरल बर्नसाइड यांनी 'शिकागो टाइम्स' बंद पाडला. इलिनॉयचे वकील आणि सिनेटर लायमन ट्रम्बुल यांच्यासह काही जणांनी तार केली आणि लिंकन यांनी बंदी तीन-चार दिवसांतच उठवली. प्रश्न १० मधलं विरोधी पत्र ते हेच.

तिसरं उदाहरण 'हेरल्ड'चे थॉमस नॉक्स. जनरल शर्मन यांनी त्यांच्यावर लष्करी खटला भरून हाकलून दिलं. पत्रकारांनी रदबदली केली. लिंकन यांनी मार्च १८६३ मध्ये लिहून दिलं की नॉक्स परत जाऊ शकतात, मात्र जनरल ग्रँट यांची स्पष्ट संमती असेल तरच. ग्रँट म्हणाले, शर्मन यांची असेल तर. शर्मन यांनी साफ नकार दिला.

१५. डग्लस दोन, बेकर दोन. कोण कुठला?

मराठीत ही गल्लत फार होते. स्टीफन डग्लस हे प्रश्न १० मधले प्रतिस्पर्धी, वकील आणि सिनेटर. फ्रेडरिक डग्लस हे गुलामीतून पळून आलेले, स्वतःचं पत्र चालवणारे संपादक आणि लिंकन यांचे परखड टीकाकार. ते १० ऑगस्ट १८६३ ला पहिल्यांदा भेटले. ४ मार्च १८६५ च्या स्वागत समारंभात पोलिसांनी त्यांना दारातच अडवलं, तेव्हा लिंकन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, 'हे आले माझे मित्र डग्लस', आणि आपल्या भाषणाबद्दल त्यांचं मत विचारलं.

एडवर्ड डी. बेकर हे वकील मित्र. लिंकन यांनी दुसऱ्या मुलाला त्यांचं नाव दिलं. ते ऑक्टोबर १८६१ मध्ये बॉल्स ब्लफच्या लढाईत पडले. एडवर्ड एल. बेकर हे स्प्रिंगफील्डच्या पत्राचे संपादक आणि मेरी यांचे भाचजावई. प्रश्न ५ मधला समासातला निरोप शिकागोला नेणारे ते हे.

१६. शाळेच्या भिंतीवरचं 'लिंकनचं हेडमास्तरांना पत्र' त्यांनी कोणत्या मित्राला लिहिलं?

कोणालाच नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत ते लावलेलं आहे, आम्हीही त्याच्याखाली बसून डबा खाल्ला आहे. पण लिंकन यांच्या जमवलेल्या लेखनात ते सापडत नाही. मजकूर चांगला आहे, तो चांगला म्हणून जरूर वाचावा. फक्त खाली लिंकन यांचं नाव नको.

१७. लिंकन गेल्यावर या मित्रांनी काय केलं?

हर्नडन यांनी ओळखीपाळखीच्या शेकडो लोकांना गाठून आठवणी लिहून घेतल्या. त्या नसत्या तर तरुणपणीचे लिंकन आपल्याला फारसे कळलेच नसते. सगळ्याच आठवणी सारख्या विश्वासाच्या नाहीत, त्या पारखूनच घ्याव्या लागतात.

डेव्हिस यांनी १८६६ मध्ये मिलिगन खटल्याचा निकाल लिहिला. इंडियानाच्या एका वकिलाला लिंकन यांच्या काळात लष्करी आयोगाने फाशी सुनावली होती. नागरी न्यायालयं चालू असताना नागरिकावर असा खटला चालवणं घटनेला धरून नाही, असं त्या निकालात ठाम म्हटलं आहे. लिहिणारा न्यायाधीश लिंकन यांनीच नेमलेला.

त्याच डेव्हिस यांच्याकडे लिंकन यांच्या मालमत्तेची व्यवस्था होती. मृत्युपत्र नव्हतं. वडील गेल्यावर रॉबर्ट लिंकन यांनी तार करून त्यांना बोलावून घेतलं. सुमारे एक लाख दहा हजार डॉलर त्यांनी मेरी, रॉबर्ट आणि धाकट्या टॅडमध्ये सारखे वाटून दिले, आणि अडीच वर्षांच्या या कामाची फी एक डॉलरही घेतली नाही.